सॅम लँगफर्ड : ज्याच्याशी कुणालाच लढायचं नव्हतं

(भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळणं, 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' होतं ते बरंचसं काढलंय. थोडं राहिलं असेल, चालवून घ्या.)

आजचा भाग बॉक्सिंगवर आहे. पण बॉक्सिंग आवडत नसेल तरी थांबा, कारण गोष्ट खरं तर ठोशांची नाही. ती आहे 'तू लायक आहेस की नाही' हे ठरवायचा हक्क कुणाकडे असतो, त्याची.

सुरुवातीलाच एक भाषेची अडचण सांगून टाकतो. मराठी क्रीडापानांवर रेफरीला 'पंच' म्हणतात आणि बॉक्सिंगमध्ये 'पंच' म्हणजे ठोसा. एकाच वाक्यात दोन्ही आले की पंचांनीच पंच मारला असं वाटायला लागतं. म्हणून मी रेफरीला रेफरी म्हणणार आणि पंचला ठोसा. ठरलं.

तर आपला माणूस आहे सॅम लँगफर्ड. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात लढलेला व्यावसायिक बॉक्सर. नोंदी सापडतात अशा लढती अडीचशेहून जास्त. त्यात शंभराहून जास्त वेळा समोरचा नॉकआउट. 'द रिंग' हे बॉक्सिंगचं जुनंजाणतं मासिक. त्यांनी 2003 साली इतिहासातल्या सर्वात जोरदार ठोसा मारणाऱ्या 100 जणांची यादी काढली, त्यात हा दुसऱ्या क्रमांकावर होता. आणि विश्वविजेतेपद किती वेळा? शून्य. बरं, हरला म्हणून शून्य नाही. त्याला हेवीवेट विश्वविजेतेपदासाठी लढायची संधीच एकदाही मिळाली नाही.

जन्म कॅनडातला. नोव्हा स्कोशिया प्रांतात वेमथ फॉल्स नावाची छोटी वस्ती आहे, तिथला. साल बहुतेक ठिकाणी 1883 दिलेलं असतं, काही ठिकाणी 1886. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात जे काळे लोक इंग्रजांच्या बाजूनं राहिले, त्यातले सुमारे तीन हजार युद्ध संपल्यावर 1783 च्या आसपास नोव्हा स्कोशियात आले. स्वातंत्र्य आणि जमीन मिळेल असं आश्वासन होतं. जमीन बऱ्याच जणांना मिळालीच नाही, मिळाली ती खडकाळ. त्यांच्या वंशजांच्या वस्त्यांपैकी वेमथ फॉल्स ही एक. आई लवकर गेली, बाप मारकुटा. पोरगा बारा-तेरा वर्षांचा असताना घर सोडून निघाला आणि पडेल ते काम करत करत बोस्टनला पोचला.

बोस्टनमध्ये जो वुडमन नावाचा एक औषधविक्रेता होता. दुकान औषधांचं, पण नाद बॉक्सिंगचा. लेनॉक्स ॲथलेटिक क्लब नावाची जागा तो चालवायचा आणि तिथं लढती भरवायचा. त्यानं या भुकेल्या पोराला झाडलोट करायला ठेवून घेतलं. आपल्याकडं तालमीत माती उकरायला आलेलं पोर हळूहळू जोर मारायला लागतं आणि एक दिवस वस्तादाचं लक्ष जातं, तसंच झालं हे. 1902 मध्ये सॅम पैसे घेऊन लढायला लागला. वुडमन त्याचा मॅनेजर झाला आणि पुढची बरीच वर्षं राहिला. या वुडमनला लक्षात ठेवा, तो पुढे एक उद्योग करणार आहे.

सॅमची उंची साधारण पाच फूट सात इंच. म्हणजे आपल्या लोकलच्या गर्दीत हरवून जाईल एवढीच. पण खांदे रुंद आणि हात प्रचंड लांब. बुटका दिसतो म्हणून कुणी जवळ यावं, तर ठोसा अपेक्षेपेक्षा एक वीतभर आधीच तोंडावर.

पहिली मोठी लढत 8 डिसेंबर 1903, बोस्टन. समोर जो गान्स. गान्स म्हणजे तेव्हाचा लाइटवेट विश्वविजेता आणि जगात कुठल्याही गटाचं अजिंक्यपद मिळवणारा पहिला आफ्रिकन-अमेरिकन. जुने जाणकार त्याला 'ओल्ड मास्टर' म्हणायचे. सॅम जेमतेम विशीचा, व्यावसायिक होऊन दीड-दोन वर्षं झालेली. पंधरा फेऱ्या झाल्या आणि सॅम गुणांवर जिंकला. पण विजेतेपद पणाला नव्हतं, कारण सॅमचं वजन गटाच्या मर्यादेपेक्षा जास्त भरलं होतं. विश्वविजेत्याला हरवलं, पण हातात काही नाही.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1904 मध्ये, वेल्टरवेटचा विश्वविजेता जो वॉलकॉट समोर आला. हा बार्बेडोसचा वॉलकॉट. पन्नासच्या दशकातला जर्सी जो वॉलकॉट वेगळा, त्यानं याच्यावरून नाव घेतलं होतं. पंधरा फेऱ्या, निकाल बरोबरी. बघणाऱ्या बऱ्याच जणांचं मत होतं की सॅम जिंकला. पण बरोबरी म्हटली की पट्टा जुन्या विजेत्याकडेच राहतो.

आता इथं जरा थांबून एक गोष्ट समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही. काळ्या बॉक्सरांना विश्वविजेतेपद मिळतच नव्हतं असं नाही. आत्ताच दोन नावं घेतली. त्याच्याही आधी, 1890 मध्येच, जॉर्ज डिक्सन विश्वविजेता झाला होता, आणि गंमत म्हणजे तोही नोव्हा स्कोशियाचाच. पण हे सगळे हलक्या वजनगटांतले. हेवीवेटची गोष्ट वेगळी. हेवीवेटचा विजेता म्हणजे जगातला सर्वात ताकदवान पुरुष अशी लोकांची समजूत, आणि तो पुरुष गोराच असला पाहिजे हा हट्ट. 1882 ते 1892 या काळातला विजेता जॉन एल. सलिव्हन उघड सांगायचा की मी काळ्या माणसाशी लढणार नाही. पीटर जॅक्सन नावाचा अप्रतिम हेवीवेट त्याच्या मागे लागून लागून थकला. याला 'कलर लाइन' म्हणायचे. कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. विजेत्याच्या मर्जीवर सगळं. ज्याच्याकडे पट्टा, तोच ठरवणार कुणाशी लढायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांना सांगतो, ॲक्सेस कंट्रोलची याहून वाईट रचना मला सुचणार नाही. ज्याला आव्हान द्यायचं, परवानगीही त्याच्याचकडून घ्यायची.

सॅमचं वजन वाढत गेलं, तसा तो वरच्या गटांत सरकत गेला. आणि 26 एप्रिल 1906 ला, बोस्टनजवळच्या चेल्सी गावात, त्याची गाठ पडली जॅक जॉन्सनशी. जॉन्सन तेव्हा अजून विश्वविजेता नव्हता. त्याचं वजन सुमारे 84 किलो, उंची सहा फुटांवर. सॅम 71 किलो. आजच्या नियमांत ही लढत कुठलीही संघटना लावणार नाही. पंधरा फेऱ्या झाल्या, जॉन्सन गुणांवर स्पष्टपणे जिंकला. सहाव्या फेरीत सॅम खाली पडला, बेदम मार खाल्ला, पण उभा राहून शेवटपर्यंत लढला.

आता वुडमनचा उद्योग. काही वर्षांनी जॉन्सन मोठा माणूस झाल्यावर वुडमननं सांगायला सुरुवात केली की त्या रात्री सॅमनं जॉन्सनला लोळवलं होतं, निकाल चुकीचा दिला. वर्तमानपत्रांनी छापलं. एकानं छापलं म्हणून दुसऱ्यानं छापलं. पुढं पुस्तकांत गेलं आणि कित्येक दशकं तेच खरं मानलं गेलं. नंतर लोकांनी एप्रिल 1906 ची बोस्टनची वर्तमानपत्रं काढून बघितली, तेव्हा दिसलं की खाली पडला होता तो सॅम. मॅनेजरनं पुढच्या लढतीसाठी केलेली जाहिरातबाजी इतिहास होऊन बसली होती. व्हॉट्सॲपच्या आधीही फॉरवर्ड होतेच.

माझ्या मते वुडमनच्या थापेनं सॅमचं नुकसानच झालं. 13 किलोंनी हलका, पाऊण वीत बुटका माणूस भावी विश्वविजेत्यासमोर पंधरा फेऱ्या टिकला, ही खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

जॉन्सन पुढं काय करतो? तो विजेता टॉमी बर्न्सच्या मागं लागतो. बर्न्स इंग्लंडला गेला की हा इंग्लंडला, तो ऑस्ट्रेलियाला गेला की हा ऑस्ट्रेलियाला. शेवटी ह्यू मॅकिंटॉश नावाचा ऑस्ट्रेलियन आयोजक बर्न्सला 30,000 डॉलर द्यायला तयार झाला, तेव्हा बर्न्स लढला. जॉन्सनला मिळाले 5,000. 26 डिसेंबर 1908, सिडनी. चौदाव्या फेरीत पोलिसांनी मध्ये पडून लढत थांबवली आणि जॅक जॉन्सन पहिला काळा हेवीवेट विश्वविजेता झाला. ही फार मोठी घटना होती. 1910 च्या 4 जुलैला त्यानं रीनो शहरात जेफ्रीजला हरवलं, तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली झाल्या, काळ्यांवर हल्ले झाले, माणसं मेली. पुढं 1912 मध्ये लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी घालणारा कायदा झाला, तोही याच धास्तीनं.

आता तुम्हाला वाटेल, झालं, काळा माणूस विजेता झाला, कलर लाइन मोडली, सॅमला संधी मिळणार. इथंच खरी गोम आहे.

लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबनं जॉन्सन आणि लँगफर्ड यांची लढत ठरवली होती. जॉन्सननं बर्न्सला हरवायच्या आधीच तयारी दाखवली होती. विजेता झाल्यावर त्यानं सांगितलं, एवढ्या पैशात जमणार नाही. सॅम मात्र लंडनला गेला, आणि मे 1909 मध्ये ब्रिटिश हेवीवेट विजेता आयन हेग याच्याशी लढला. हेगनं त्याला एकदा खाली पाडलं, पण चौथ्या फेरीत हेग आडवा. या लढतीबद्दल एक किस्सा बॉक्सिंगवाले नेहमी सांगतात. क्लबच्या लोकांनी विचारलं की तुम्हाला रेफरी कोण हवा? सॅम म्हणाला, माझा रेफरी मी बरोबरच आणलाय, आणि उजव्या हाताची मूठ दाखवली. खरं-खोटं देव जाणे. असे किस्से त्याच्याबद्दल ढिगानं आहेत. फेरी सुरू होताना त्यानं हात मिळवायला ग्लोव्ह पुढं केले, समोरचा म्हणाला की ही शेवटची फेरी नाहीये, तर सॅम म्हणाला, तुझ्यासाठी आहे. अजून एक लॉस एंजेलिसचा. एका पत्रकारानं सॅमविरुद्ध आणि जिम फ्लिनच्या बाजूनं लिहिलं. मार्च 1910 मध्ये पुन्हा फ्लिनशी लढत झाली, तेव्हा सॅमनं त्याला असा ठोसा मारला की फ्लिन दोरातून बाहेर, थेट त्या पत्रकाराच्या पुढ्यात. सॅमनं आधी सांगूनही ठेवलं होतं म्हणे. हे सगळं मीठ-मसाला लावलेलं असणार. पण फ्लिनला त्यानं आठव्या फेरीत नॉकआउट केलं, हे नोंदीत आहे.

जॉन्सनकडे परत. 1908 ते 1915 तो विजेता होता. या सात वर्षांत सॅम त्याच्या सर्वोत्तम काळात होता, आणि जॉन्सन त्याच्याशी लढला नाही. लढला तो बहुतेक गोऱ्यांशीच. एक अपवाद आहे, आणि तो अपवाद बघितला की जास्तच चुटपुट लागते. 19 डिसेंबर 1913 ला पॅरिसमध्ये जॉन्सन बॅटलिंग जिम जॉन्सन नावाच्या काळ्या बॉक्सरशी लढला. हेवीवेट विश्वविजेतेपदासाठी दोन काळे समोरासमोर येण्याची ही पहिलीच वेळ. जिम जॉन्सन दुय्यम दर्जाचा लढवय्या. जॅकचा हात मोडला आणि लढत बरोबरीत सुटली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे 20 डिसेंबरला, त्याच पॅरिसमध्ये लँगफर्ड आणि जो जॅनेट वीस फेऱ्या लढले आणि लँगफर्ड जिंकला. एकाच शहरात, चोवीस तासांच्या अंतरानं. विजेता एकीकडे आणि ज्यानं त्याला आव्हान द्यायला हवं होतं तो दुसरीकडे.

जॉन्सननं असं का केलं? त्याची बाजू आधी सांगतो, कारण त्याला खलनायक करणं सोपं आहे. एक, त्यानं सॅमला 1906 मध्ये हरवलेलंच होतं. दोन, त्याचं म्हणणं होतं की दोन काळ्यांची लढत बघायला पैसे देऊन कोण येणार? गोऱ्या प्रेक्षकाला काळा हरताना बघायचा होता, किमान तशी आशा हवी होती. हे गणित दुर्दैवानं बरोबर होतं. तीन, अमेरिकन सरकार त्याच्या मागं लागलं होतं. गोऱ्या बायकांबरोबरच्या संबंधांवरून 1913 मध्ये त्याला मॅन ॲक्टखाली दोषी ठरवलं गेलं आणि तो देश सोडून पळाला. त्याला माफी मिळाली थेट 2018 मध्ये, मेल्यानंतर सात दशकांनी. अशा माणसानं जो सामना पैसे कमी आणि धोका जास्त असा आहे, तो टाळला तर आश्चर्य नाही.

हे सगळं मान्य करूनही मला वाटतं ते असं. बर्न्सच्या मागं अर्धं जग फिरताना जॉन्सन जी तक्रार करत होता, तीच तक्रार सॅम करत होता, आणि उत्तरही तेच मिळत होतं. कलर लाइन ओढणाऱ्या माणसाच्या कातडीचा रंग बदलला. लाइन तिथंच राहिली. आणि जॉन्सन 1906 च्या रात्री रिंगमध्ये होता, सॅमचा ठोसा त्यानं खाल्ला होता. तो 71 किलोंचा पोरगा आता 80 च्या घरात गेलाय, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

गोऱ्यांपैकी एक जण मात्र सॅमसमोर उभा राहिला. स्टॅन्ली केचेल, मिडलवेटचा विश्वविजेता, अर्धवट वेडा म्हणावा असा आक्रमक. एप्रिल 1910, फिलाडेल्फिया, सहा फेऱ्या. कोण जिंकलं यावर वर्तमानपत्रांत एकमत नव्हतं. ही खरी लढत नव्हतीच, पुढं कॅलिफोर्नियात लांब पल्ल्याची मोठी लढत लावायची त्याची ही रंगीत तालीम होती असं मानतात. ती मोठी लढत झाली नाही आणि ऑक्टोबरमध्ये केचेलचा गोळी घालून खून झाला. वय 24.

इथं 'वर्तमानपत्रांत एकमत नव्हतं' हे जे म्हटलं, ते नीट सांगतो, कारण मला स्वतःला हा प्रकार सर्वात इंटरेस्टिंग वाटला. त्या काळात अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बक्षिसासाठी बॉक्सिंग धड कायदेशीर नव्हतं. मग पळवाटा. न्यूयॉर्कमध्ये 1911 च्या फ्रॉली कायद्यानं दहा फेऱ्यांपर्यंत लढत चालायची, पण रेफरीनं विजेता जाहीर करायचा नाही. नॉकआउट झाला तर ठीक, नाहीतर निकाल नाही. म्हणजे 'प्रदर्शन' झालं, स्पर्धा नाही. पण लोकांनी पैजा लावलेल्या असायच्या, त्यांचं काय? तर दुसऱ्या दिवशी अमुक वर्तमानपत्र ज्याला विजेता म्हणेल तो जिंकला, असं पैज लावतानाच ठरवायचे. याला 'न्यूजपेपर डिसिजन' म्हणतात.

त्यामुळे सॅमची कारकीर्द एखाद्या टेबलात भरायला गेलात तर निकालाच्या रकान्यात अनेक ठिकाणी 'नल' टाकावं लागतं. किंवा मग एकाच लढतीचे दोन-तीन निकाल. म्हणून कुठं त्याचे विजय अमुक दिसतात, कुठं तमुक. मी मुद्दामच एक आकडा ठामपणे सांगत नाहीये.

आणि याहून अवघड भाग असा की सगळ्या लढती खऱ्या नव्हत्या. आपल्याकडं नुरा कुस्ती म्हणतात ना, आधीच ठरवून केलेली, तसलं सगळंच नाही, पण जवळपासचं. सॅमनं प्रत्येकाला पहिल्या दोन फेऱ्यांत झोपवलं असतं तर त्याच्याशी पुढं लढायला कोण आलं असतं? पोट कसं भरणार? म्हणून तो अनेकदा समोरच्याला मुद्दाम उभा ठेवायचा, ठोसे आवरून मारायचा. गोऱ्या बॉक्सरांशी लढत मिळवायची तर ही जवळपास अटच होती. म्हणजे त्याच्या नोंदीत जिथं 'दहा फेऱ्या, निकाल नाही' असं दिसतं, तिथं तो खरोखर अडला होता की दमानं घेत होता, हे आकडा सांगत नाही.

मग खऱ्या लढती कुणाशी? आपल्याच लोकांशी. गोरे लढत नाहीत, जॉन्सन लढत नाही, मग उरले चार जण : लँगफर्ड, जो जॅनेट, सॅम मॅकव्हे, आणि नंतर आलेला हॅरी विल्स. हे चौघं एकमेकांशी लढत राहिले. वर्षानुवर्षं. लँगफर्ड आणि विल्स दीड डझनाच्या आसपास वेळा लढले. मॅकव्हेशी पंधराएक वेळा, जॅनेटशी चौदाएक वेळा. बोस्टन, न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स, पॅरिस, सिडनी, ब्युनॉस आयर्स. जहाजानं आठवडे-आठवडे प्रवास करायचा आणि उतरून मारायचं कुणाला, तर ज्याला गेल्या वर्षी दुसऱ्या खंडात मारलं होतं त्यालाच. त्यांच्यासाठी एक वेगळं अजिंक्यपदही होतं, 'वर्ल्ड कलर्ड हेवीवेट चॅम्पियनशिप'. सॅमनं ते पाच वेळा मिळवलं. वेगळी पंगत, वेगळं ताट.

त्या लढती कशा असायच्या याची कल्पना यावी म्हणून एकच सांगतो, यात सॅम नाहीये. 17 एप्रिल 1909, पॅरिस, जॅनेट विरुद्ध मॅकव्हे. 49 फेऱ्या. साडेतीन तास. दोघं मिळून 38 वेळा खाली पडले असं सांगतात, त्यात जॅनेटच 27 वेळा. 50 व्या फेरीला मॅकव्हे स्टुलावरून उठू शकला नाही आणि जॅनेट जिंकला. आणि हे झाल्यावर या दोघांना पुढंही एकमेकांशीच लढायचं होतं.

विल्स सॅमपेक्षा बराच लहान, सहा फूट दोन इंच, वजन शंभर किलोंच्या आसपास. तरी नोव्हेंबर 1914 मध्ये लॉस एंजेलिसजवळ सॅमनं त्याला चौदाव्या फेरीत नॉकआउट केलं. फेब्रुवारी 1916 मध्ये पुन्हा, एकोणिसाव्या फेरीत. तेव्हा सॅम तिशी ओलांडलेला, पोट सुटलेलं. नंतरच्या बहुतेक लढती विल्सनं जिंकल्या, ते वयाप्रमाणे होणारच होतं.

दरम्यान 5 एप्रिल 1915 ला हवानात जेस विलर्डनं जॉन्सनला हरवलं. गोरा विजेता परत आला आणि दार बंद झालं. 1937 मध्ये जो लुईसला संधी मिळेपर्यंत, म्हणजे 22 वर्षं, एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेट विश्वविजेतेपदासाठी लढू दिलं नाही. त्यातली सात वर्षं विजेता होता जॅक डेम्प्सी. या डेम्प्सीनं पुढं आत्मचरित्रात स्वतःच कबूल केलं की तरुणपणी त्याला सॅम लँगफर्डशी लढायला सांगितलं तेव्हा त्यानं नकार दिला, कारण त्याला भीती वाटत होती.

आता डोळ्यांकडे येतो. हा भाग लिहिताना मला त्रास झाला, ऐकतानाही होईल.

19 जून 1917, बोस्टन. फ्रेड फुल्टन, सहा फुटांवर कितीतरी उंच गोरा हेवीवेट. सॅमनं सातव्या फेरीआधी माघार घेतली. डाव्या डोळ्याला जबर मार बसला होता, आणि तो डोळा पुन्हा धड झाला नाही. एका डोळ्यानं बॉक्सिंग म्हणजे अंतर कळत नाही. ठोसा किती लांबून येतोय ते समजत नाही. शहाण्या माणसानं थांबावं. सॅम थांबला नाही. पंधरा वर्षं हेच काम केलं होतं, दुसरं येत नव्हतं, आणि हेवीवेट विजेत्याला एका रात्रीत जे पैसे मिळायचे तसे त्याच्या वाट्याला कधी आलेच नव्हते.

तो पुढं नऊ वर्षं लढला. मधल्या काळात उजवा डोळाही जायला लागला. जून 1922 मध्ये अटलांटात टायगर फ्लॉवर्स समोर होता. हाच फ्लॉवर्स 1926 मध्ये पहिला काळा मिडलवेट विश्वविजेता झाला. त्या दिवशी सॅमला फक्त सावल्या दिसत होत्या असं सांगतात. दुसऱ्या फेरीत फ्लॉवर्स नॉकआउट. तुम्ही म्हणाल, दिसत नाही तर मारतो कसा? समोरचा ठोसा मारतो, तो लागला की कळतं माणूस कुठं आहे. मग त्या दिशेनं एक ठोसा. म्हणजे शोधण्यासाठी आधी मार खायचा. 1923 मध्ये जवळजवळ आंधळा असताना त्यानं मेक्सिकोत जाऊन तिथलं हेवीवेट विजेतेपदही जिंकलं. पुस्तकांत हे कौतुकानं लिहिलेलं असतं, 'आंधळा असून जिंकला'. मला त्यात कौतुकापेक्षा प्रश्न जास्त दिसतात. रिंगमध्ये त्याला सोडलं कुणी? डॉक्टर कुठं होता? तिकीट काढून बसलेल्यांना माहीत नव्हतं का?

1926 ला कारकीर्द संपली.

बाकीच्या तिघांचं काय झालं तेही सांगतो. मॅकव्हे 1921 मध्येच न्यूमोनियानं गेला, हातात दमडी नव्हती. जॅनेटनं न्यू जर्सीत गॅरेज आणि जिम काढलं, 1958 पर्यंत नीट जगला. विल्स डेम्प्सीच्या मागं वर्षानुवर्षं लागला, करार सह्या होऊनही लढत झाली नाही, पण त्यानं पैसे घरांमध्ये गुंतवले आणि हार्लेममध्ये चांगला मालदार घरमालक झाला. म्हणजे शेवट एकच ठरलेला होता असं नाही.

सॅम मात्र दिसेनासा झाला. जानेवारी 1944 मध्ये 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'चा पत्रकार अल लेनी त्याला शोधायला हार्लेममध्ये फिरला. ज्याला विचारावं तो म्हणायचा, लँगफर्ड? तो तर मेला. शेवटी सापडला, 139 व्या रस्त्यावरच्या एका भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत. पूर्ण आंधळा. खिशात 20 सेंट. लेनीनं त्याच्यावर लेख लिहिला. लेखाच्या नावाचा अर्थ होतो 'एक काळा माणूस हसतो'. कारण सॅम हसत होता, जुने किस्से सांगत होता, कुणाबद्दल तक्रार करत नव्हता. वाचकांनी पैसे पाठवले, दहा हजार डॉलरांहून जास्त जमले, त्याचा ट्रस्ट केला आणि त्याला दरमहा रक्कम मिळायला लागली.

लेनीनं चांगलंच काम केलं. पण त्या शीर्षकाशी मी बराच वेळ अडकलो. सॅम हसत नसता तर? चिडून म्हणाला असता की माझे डोळे आणि माझी वर्षं कुणी घेतली ते लिहा, तर तेवढेच पैसे आले असते? वाचणाऱ्याला दया वाटावी पण अपराधी वाटू नये, अशा मापात तो बसला. त्याचा स्वभावच तसा होता हेही खरं असेल. कदाचित आयुष्यभर समोरच्याला मुद्दाम उभा ठेवायची सवय लागलेला माणूस पत्रकारासमोरही तेच करत असेल.

शेवटची वर्षं तो मॅसॅच्युसेट्सला परत गेला. 1955 मध्ये 'द रिंग'नं त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. विश्वविजेता नसताना हा मान मिळणं तेव्हा नवलच होतं. त्यानंतर काही महिन्यांतच, 12 जानेवारी 1956 ला, बोस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमधल्या एका नर्सिंग होममध्ये तो गेला.